पेट्रोलचा आकडा आणि डोंगराची हवा

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त श्रीनगरहून लेहला मोटारीने जाण्याचा योग आला. निघण्यापूर्वी पेट्रोल भरताना बरोबरच्या एका सहकाऱ्याने आग्रहाने महागाचे, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल भरावयास लावले. ‘डोंगर चढायचा आहे, गाडीला खुराक नको का?’ असा त्यांचा युक्तिवाद. तो ऐकून आमचा लडाखी चालक नुसता हसला. दुसऱ्या दिवशी फोतू ला ही तेरा हजार फुटांवरची खिंड चढताना गाडी धापा टाकू लागली. सपाटीवर चौथ्या गिअरमध्ये सहज धावणारी ती गाडी दुसऱ्याच्या खाली उतरली, आणि वळणावर तर पहिल्यावर आली. सहकाऱ्याने विचारले, ‘इतके चांगले पेट्रोल भरूनही असे का?’ चालक म्हणाला, ‘साहेब, डोंगर पेट्रोलचा भाव विचारत नाही.’

त्या एका वाक्यात यंत्रशास्त्राच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण सामावले आहे, हे मला पुढे वाचन करताना कळले. उंची इंजिनाला काय करते आणि ऑक्टेन इंजिनासाठी काय करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शोधणारी माणसेही वेगळी होती. परंतु हे दोन्ही मार्ग एका ठिकाणी येऊन मिळतात, आणि त्यांपैकी एका मार्गावर मनुष्यजातीने फार मोठी किंमत मोजली आहे. आजच्या भाषणात ती हकिगत सांगावयाची आहे.

प्रथम उंचीचा विचार करू. उंच जावे तशी हवा विरळ होते, ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली ती १६४८ साली. फ्रान्समधील पास्कल या तत्त्वज्ञाच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिये पाऱ्याची नळी घेऊन प्वी द डोम नावाच्या डोंगरावर चढला, आणि माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा तीन इंचांहून अधिक खाली उतरलेला त्याने पाहिला. त्या वेळी इंजिन हा शब्द आजच्या अर्थाने कोणाच्या गावीही नव्हता. पण १८७६ साली जर्मनीत ओटोने चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखविले, तेव्हा पेरियेच्या पाऱ्याचा आणि यंत्राचा संबंध जडला. कारण हे इंजिन पेट्रोलइतकेच हवेवर जगते. दट्ट्या खाली जातो, हवा आणि इंधन यांचे मिश्रण आत ओढतो. वर येताना ते दाबतो. ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. शेवटी जळका धूर बाहेर टाकला जातो. एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. सिलिंडरचे पोट ठरलेले असते. त्यात मावणारी हवाच हलकी झाली, तर पेट्रोल कितीही ओतले तरी ते जळणार कशाने?

लेहची उंची सुमारे साडेतीन हजार मीटर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. खारदुंग ला या खिंडीत तो जवळजवळ निम्म्यावर येतो. व्यवहारात असा ढोबळ हिशेब करतात, की दर हजार फुटांमागे साध्या इंजिनाची सुमारे तीन टक्के शक्ती उणी होते. म्हणजे मुंबईत शंभर अश्वशक्ती देणारे इंजिन लेहमध्ये पासष्ट-सत्तरवर येते. यात गाडीचा दोष नाही, पेट्रोलचा नाही आणि चालकाचा तर नाहीच नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना तर दुहेरी त्रास होई. हवा कमी झाली तरी कार्बोरेटर जवळजवळ पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडत राही. मिश्रण दाट होई, मागून काळा धूर निघे, आणि डोंगरी मुलुखातले मेकॅनिक पेट्रोल सोडणारे जेट बदलून लहान बसवीत.

उंचीच्या या करातून सुटका कशी करावी, हा प्रश्न मोटारींच्या आधी विमानांना पडला. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली एका कल्पनेचे पेटंट घेतले होते. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त धुरावर एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावी, अशी ती कल्पना. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, अमेरिकेच्या सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने तिची परीक्षा घेतली. उंच आकाशात इंजिनाची शक्ती मोजणे अवघड, म्हणून त्याने आकाशाऐवजी डोंगर निवडला. कोलोरॅडो संस्थानातील पाइक्स पीक या शिखरावर १४,१०९ फुटांपर्यंत रस्ता गेलेला आहे. लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन एका ट्रकवर चढवून त्याने थेट माथ्यावर नेले. सपाटीवर सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन माथ्यावर २३० वर आले होते. मॉसचे हवा दाबणारे चक्र जोडताच त्याने ३५६ अश्वशक्ती दिली. डोंगराने घेतलेले सर्व परत मिळाले होते.

आपल्याकडील श्रोत्यांना या संदर्भात ३ एप्रिल १९३३ हा दिवस आठवावयास हरकत नाही. त्या दिवशी बिहारमधील पूर्णिया जवळच्या धावपट्टीवरून दोन ब्रिटिश विमाने उडाली आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरून जाऊन परत आली. त्यांच्या इंजिनांनाही हवा दाबून भरणारी यंत्रे जोडलेली होती. तसे नसते, तर एकोणतीस हजार फुटांवरच्या त्या हवेत साध्या इंजिनाचा निभाव लागला नसता.

आता दुसरा धागा हाती घेऊ. इंजिनाला अधिक हवा द्यावी, मिश्रण अधिक दाबावे, म्हणजे त्याच पेट्रोलातून अधिक काम निघते, हे अभियंत्यांना फार पूर्वी कळले होते. परंतु दाब एका मर्यादेपलीकडे गेला की इंजिनातून एक विचित्र आवाज येऊ लागे. लोखंडावर हातोडी मारावी तसा ‘टक्-टक्’. आजचे मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. शक्ती घटे, इंजिन तापे आणि ठोका चालूच राहिला तर दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत पाळी येई. हा ठोका म्हणजे काय? ठिणगीपासून निघालेली ज्योत मिश्रणातून शिस्तीने पुढे सरकत असते. तिच्या पुढ्यात उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने इतके तापते, की ज्योत पोहोचण्यापूर्वीच ते सगळे एकदम भडकून उठते. पंगतीत पान वाढून होण्याआधीच सर्वांनी एकदम हात घालावा, तसा हा प्रकार.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो याने या ठोक्याचा पिच्छा पुरविला. त्या काळी पेट्रोलची प्रत त्याच्या वजनावरून ठरवीत. जितके हलके तितके उत्तम. रिकार्डोने निरनिराळ्या पेट्रोलांचे नमुने इंजिनात जाळून पाहिले, तेव्हा बोर्निओच्या तेलातून निघालेले जड पेट्रोल ठोक्याला सर्वांत अधिक दाद न देणारे ठरले. आश्चर्य असे, की जड म्हणून नाकारलेले हेच पेट्रोल तिकडे जंगलात जाळून टाकले जात होते. पुढे त्याने चालत्या इंजिनात दाब कमीअधिक करता येईल असे एक खास इंजिन बांधले आणि कोणते इंधन किती दाब सोसते, याची मोजदाद सुरू केली.

अमेरिकेत याच सुमारास चार्ल्स केटरिंग या कल्पक अभियंत्यावर एक आळ आला होता. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्याने विजेचा स्टार्टर आणि विजेची ठिणगी आणली. नंतर गाड्यांत ठोके ऐकू येऊ लागताच लोकांनी त्याच्या ठिणगीला दोष दिला. खरे कारण शोधण्याचे काम त्याने १९१६ साली थॉमस मिजली या तरुण मदतनीसाकडे सोपविले. मिजलीने ठोका ठिणगीनंतर पडतो हे दाखविले, म्हणजे ठिणगीवरचा आळ दूर झाला. दोष इंधनाकडे होता. मग त्याने एक तर्क लढविला. बर्फाखाली लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने लालसर असतात. लाल रंग उष्णता लवकर शोषीत असेल काय? घासलेट लाल करावे म्हणून त्याने हाताशी असलेले आयोडीन त्यात टाकले, आणि ठोका थांबला! दुसरे लाल रंग टाकून पाहिले, तर उपयोग शून्य. तर्क साफ चुकीचा होता, पण वाट खरी सापडली होती. गुण रंगात नसून आयोडीनमध्ये होता. आयोडीन महाग आणि धातू खाणारे, म्हणून त्याने पुढे शेकडो द्रव्ये तपासली. टेल्युरियमचा गुण चांगला आला, पण त्याच्या लसणासारख्या दुर्गंधीने प्रयोगशाळेतल्या लोकांना कोणी जवळ उभे करीना. शेवटी ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, इंजिनात गेले आणि ठोका नाहीसा झाला. पेट्रोलच्या हजार भागांत एका भागाहूनही कमी शिसे पुरे होते.

इंधनाची सहनशक्ती मोजावयाची तर मोजपट्टी हवी. ती १९२६ साली ग्रॅहॅम एडगर या रसायनज्ञाने दिली. त्याने दोन शुद्ध द्रव निवडले. एक हेप्टेन, जे कॅलिफोर्नियाकडील जेफ्री पाइन वृक्षाच्या राळेतून मिळे आणि भयंकर ठोके देई. त्याला शून्य गुण. दुसरे आयसोऑक्टेन, जे सहसा ठोका देत नसे, त्याला शंभर. एखादे पेट्रोल नव्वद भाग आयसोऑक्टेन आणि दहा भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच दाब सोसत असेल, तर त्याचा आकडा नव्वद. येथे एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. हा आकडा पेट्रोलातली ताकद मोजत नाही, त्याचा धीर मोजतो. ठिणगीची पाळी येईपर्यंत किती दाब निमूटपणे सोसावा, एवढेच तो सांगतो. लिटरमागे मिळणारी उष्णता दोन्ही पेट्रोलांत जवळजवळ सारखीच. ज्या इंजिनात दाबच बेताचा आहे, त्याला अधिक धीराचे इंधन देणे म्हणजे गल्लीतून चालणाऱ्या माणसाच्या खांद्यावर गिर्यारोहणाचा दोर टाकणे होय.

मात्र दाब जेथे खरोखरच मोठा आहे, तेथे या धीराचे मोल किती, हे १९४० साली दिसून आले. इंग्लंडच्या आकाशात लढणाऱ्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत मर्लिन नावाचे इंजिन असे. ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलावर त्यात हवा भरण्याचा जादा दाब चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवर रोखावा लागे. त्या वर्षी १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागले, आणि तोच दाब बारा पौंडांवर नेता आला. सोळा हजार फुटांवर १,०३० अश्वशक्ती ही ज्या इंजिनाची कमाल, त्याच इंजिनाने आता नऊ हजार फुटांवर १,३१० अश्वशक्ती दिली.

श्रोतेहो, या दोन आकड्यांतील उंचीकडे लक्ष द्या, कारण आपले दोन्ही धागे येथे एकत्र येतात. नवा लाभ मिळाला तो खालच्या हवेत. सोळा हजार फुटांच्या वर गेल्यावर नव्या पेट्रोलाने काहीच वाढ झाली नाही. का? खाली हवा दाट होती. यंत्राला ती आणखी कोंबता येत होती, पण जुने पेट्रोल ते सोसत नव्हते. म्हणून धीराच्या पेट्रोलाने कुलूप उघडले. वर मात्र हवाच इतकी विरळ, की यंत्र पूर्ण ताकदीने भरीत असतानाही दाब सव्वासहा पौंडांच्या पुढे जात नव्हता. तेथे अडचण धीराची नसून हवेची होती, आणि हवा पेट्रोलच्या डब्यातून येत नाही.

आमचा लडाखी चालक सांगत होता ते हेच. खिंडीत साध्या इंजिनात मुळात कमी हवा शिरते; ती दाबली तरी अखेरचा दाब सपाटीपेक्षा कमीच भरतो; म्हणून ठोक्याचे भयही कमी. डोंगर शक्ती हिरावून घेतो आणि त्याबरोबरच इंधनाकडून मागावयाचा धीरही कमी करतो. अमेरिकेच्या रॉकी पर्वतांतील संस्थानांत याच कारणाने सपाटीपेक्षा कमी आकड्याचे पेट्रोल विकण्याची प्रथा पडली. तेथे त्या देशाच्या मोजमापाने ८७ ऐवजी ८५ आकड्याचे पेट्रोल साध्या दर्जाचे म्हणून मिळत आले. कार्बोरेटरच्या जमान्यात तो हिशेब बरोबर होता. मात्र आजच्या अनेक गाड्यांत टर्बो बसविलेला असतो. तो मॉसच्या चक्राप्रमाणे डोंगरावरही हवा दाबून भरतो, आणि म्हणून डोंगरावरही पेट्रोलकडून पुरता धीर मागतो. शिवाय डोंगरावर भरलेल्या टाकीने गाडी सपाटीला उतरली, की तेच कमी आकड्याचे पेट्रोल दाट हवेत ठोके देऊ लागते. यावरून व्यवहाराचा नियम एवढाच निघतो, की गाडी बांधणाऱ्याने पुस्तिकेत जो आकडा लिहिला असेल तो पाळावा. त्याहून खाली जाऊ नये, आणि उगाच वर जाऊन खिसा हलका करू नये. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ मानकाने साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ आणि उंची पेट्रोलसाठी ९५ असे आकडे ठरविले. ‘उंची’ हा शब्द येथे भावाचा आहे, डोंगराचा नव्हे, हे आमच्या सहकाऱ्यांना मी नंतर सांगितले.

येथवरची कथा बुद्धीच्या विजयाची झाली. परंतु ती येथेच थांबविली तर अर्धवट आणि म्हणून खोटी ठरेल. मिजलीने शोधलेले शिसे हे विष आहे, ही गोष्ट रोमन काळापासून माहीत होती. १९२३ च्या फेब्रुवारीत शिसेयुक्त पेट्रोल डेटन शहरात विकावयास आले. त्याच्या व्यापारी नावात ‘एथिल’ एवढाच शब्द होता. शिशाचा उल्लेखही नव्हता. स्वतः मिजलीला शिशाची बाधा होऊन काही आठवडे विश्रांती घ्यावी लागली होती. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि आणखी कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा १९२५ च्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने परिषद बोलाविली. औद्योगिक विषबाधांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन यांनी तेथे स्पष्ट इशारा दिला. कारखान्यातले मृत्यू डोळ्यांना दिसतात. पण रस्त्यारस्त्यांवरील धुळीत शिसे हळूहळू साचत जाईल, आणि लोक जागे होतील तोवर त्याचा वापर सार्वत्रिक झालेला असेल, असे हेंडरसन यांचे म्हणणे होते. चौकशी समितीने काही महिने तपास केला आणि बंदी घालण्यास पुरेसे कारण नाही, असा अहवाल १९२६ साली दिला. मात्र अधिक अभ्यास व्हावा, असेही त्यात नमूद केले. तो अभ्यास पुढे कित्येक दशके प्रामुख्याने उद्योगाच्याच पैशाने होत राहिला.

मी सरकारी नोकर आहे. ‘पुरेसा पुरावा नाही, अधिक अभ्यास व्हावा’ हा शेरा मी स्वतः अनेक फाइलींवर लिहिला आहे, आणि बहुतेक वेळा तो प्रामाणिकपणे लिहिला आहे. म्हणून हा प्रसंग वाचताना मला समितीतल्या माणसांचा राग आला नाही. भय मात्र वाटले. त्यांच्यापैकी कोणी लबाड होता असे म्हणण्यास आधार नाही. त्यांनी फक्त एवढेच ठरविले, की अपाय सिद्ध करण्याचा भार लोकांवर राहील आणि निरुपद्रवीपणा सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर राहणार नाही. त्या एका निर्णयाने जगभरच्या मुलांच्या रक्तात शिसे गेले. क्लेअर पॅटरसन या भूरसायनज्ञाने पृथ्वीचे वय मोजता मोजता सगळीकडे शिसे पसरल्याचे पाहिले आणि १९६५ साली त्याविरुद्ध आवाज उठविला. १९७५ पासून अमेरिकेत गाड्यांना धूर शुद्ध करणारी यंत्रे बसू लागली, ती शिशाने निकामी होत; म्हणून बिनशिशाचे पेट्रोल आले. आपल्याकडे १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत ते मिळू लागले आणि २००० च्या फेब्रुवारीत देशभर शिसे बंद झाले. जगात मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया; तेथे २०२१ च्या जुलैत ते संपले. डेटनच्या पहिल्या पंपापासून अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती. दट्ट्याच्या लहान विमानांच्या इंधनात तर ते अजूनही पुष्कळ ठिकाणी वापरात आहे.

आणि दुसरा उपाय नव्हताच, असेही नाही. मद्यार्क मिसळल्याने ठोका थांबतो, हे रिकार्डोला माहीत होते, मिजलीलाही होते. शिसे सापडण्याच्या दोनच महिने आधी मद्यार्क मिसळलेल्या पेट्रोलवर त्याने स्वतः गाडी चालवून दाखविली होती. पण मद्यार्काचे पेटंट घेता येत नव्हते आणि तो पुष्कळ मिसळावा लागे. शिसे चिमूटभर पुरे. आज आपल्या साखर कारखान्यांतून निघणारा तोच मद्यार्क इथेनॉल या नावाने पेट्रोलमध्ये मिसळला जातो. त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे, मात्र लिटरमागची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी आहे. म्हणजे धीर जास्त आणि ताकद कमी. त्याचेही गुणदोष आहेत, आणि ते उघडपणे मोजून, सांगून स्वीकारावेत, एवढा धडा तरी या इतिहासाने दिलाच आहे.

फोतू ला ओलांडून आम्ही उतरणीला लागलो तेव्हा गाडीचा स्वर बदलत गेला. वाटेत चहासाठी थांबलो असता चालकाला मी विचारले, ‘मग डोंगर चढण्यासाठी गाडीला काय द्यावे?’ तो क्षणभर विचार करून म्हणाला, ‘वेळ द्यावा, साहेब.’ आणि बॉनेट उघडून इंजिन निवेपर्यंत तो बाजूच्या दगडावर बसून राहिला.